तांबटामागची गॅलरी

मुलुंडला डोंगराच्या बाजूला आमची इमारत होती. तिच्या मागच्या उंबरावर जगातले निम्मे पक्षी येऊन गेलेले आहेत. उरलेले निम्मे वाटेत होते, तेवढ्यात बिल्डर पोचला.

तुम्ही म्हणाल, हा माणूस वाढवून सांगतो. सांगतोच. माझी बायको मालवणकडची. तिच्या माहेरी याला गजाली म्हणतात आणि गजालीला कोणी नावं ठेवत नाही. रंगली नाही तरच ठेवतात. मी त्या घरचा जावई आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

धनेशाची एक जोडी आमच्याकडे इतकी रुळली होती, की नर उंबरं खाऊन झाल्यावर खिडकीत यायचा आणि चोच पडद्याला पुसून जायचा. एका शिक्र्याने सोसायटीच्या सेक्रेटरींचा केसांचा टोप उंदीर समजून उचलला आणि पाण्याच्या टाकीवर बसून तासभर सोलत राहिला. फोटो आहे माझ्याकडे. सेक्रेटरी अजून हयात आहेत म्हणून दाखवत नाही. शिंपी पक्ष्याने माझ्या लुंगीचे दोरे उसवून आमच्या कढीपत्त्याच्या कुंडीत घरटं शिवलं. ते इतकं सुबक झालं की बायको म्हणाली, उरलेली लुंगीपण त्याच्याकडेच टाकू या, काठ तरी नीट मारून देईल.

रिटायर झाल्यावर लोक गुडघे बदलून घेतात, मी लेन्स घेतली. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या खरेदी खात्यात मी जन्म काढला. तिथे दुसऱ्यासाठी नट-बोल्ट आणि पत्रे विकत घेतले. स्वतःसाठी घेतलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे ही लेन्स. लांबी विचारू नका. मी आमच्या खोलीत बसलो की तिचं टोक ठाण्याच्या हद्दीत जायचं. जुना जकात नाका चालू असता तर तिच्यावर रोज जकात बसली असती. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी ती पाहून आधी खिडकी लावून घेतली, मग पडदे घेतले, मग आमच्या सोसायटीकडे तक्रार केली. कमिटी चौकशीला आली. मी प्रत्येकाला कॅमेऱ्याला डोळा लावायला सांगितलं. समोर हळद्या बसला होता, हळदीत बुडवून काढल्यासारखा. कमिटी दोन वेळचा चहा घेऊन गेली आणि तक्रारीचं काय झालं ते आजपर्यंत कोणाला माहीत नाही.

पुढचं कळायला आमच्या घराची रचना सांगायला हवी. इमारत काटकोनात वळलेली होती आणि त्या वळणावरच, दुसऱ्या मजल्यावर, आमचा फ्लॅट. झोपायच्या खोलीची खिडकी एका भिंतीला. स्वयंपाकघराची गॅलरी शेजारच्या भिंतीला, खिडकीकडे तोंड करून. दोन्हींच्या मधल्या कोपऱ्यात उंबर. म्हणजे मी खिडकीत स्टूल टाकून बसलो, की समोर फांद्या, फांद्यांवर पक्षी, आणि पक्ष्यांच्या मागे आमचीच गॅलरी. गॅलरीत धुण्याच्या दोऱ्या, लोणच्याच्या बरण्या, तुळस, पिवळी बादली, आणि सकाळच्या वेळी हमखास माझी बायको.

या मागच्या गॅलरीनेच घोटाळा केला. मी काढलेला पहिला बरा फोटो दयाळाचा होता. काळा-पांढरा, शेपटी वर, चोच उघडी, आता गाणार की मग गाणार असा. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंतच्या पक्षीवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यात मला नुकतंच घेतलं होतं. मी दयाळ टाकला आणि फोन हातात घेऊन बसलो, दहावीचा निकाल लागायचा असावा तसा. ग्रुपमध्ये एक बुजुर्ग आहेत. ते सहसा बोलत नाहीत. त्यांनी लिहिलं, "दयाळ उत्तम. मागचा बनियन कोणत्या जातीचा?"

त्यावर हसणाऱ्या तोंडांची जी रांग लागली, ती बोरिवलीपासून सुरू होऊन घाटकोपरच्या पुढे गोवंडीपर्यंत गेली. मी नीट बघितलं. दयाळाच्या मागे आमची गॅलरी जशीच्या तशी आली होती. दोरीवर माझा बनियन, भोकासकट. बरण्या, बादली, काठीने साडी वर चढवणारी बायको. सगळं इतकं स्पष्ट की बरणीच्या फडक्यावरची नक्षी मोजता यावी. मी तो फोटो ग्रुपवरून काढला, कॅमेऱ्यातून काढला, आणि मग शिकायला बसलो.

शिकलो ते असं. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचं आणि नेम पक्ष्याच्या डोळ्यावर धरायचा. मग पक्ष्याचं पीसन्‌पीस वेगळं दिसतं आणि मागचं सगळं विरघळतं. भिंती, दोऱ्या, माणसं, सगळ्यांचे नुसते रंग उरतात, एकमेकांत मिसळलेले, मऊ. आमच्या ग्रुपवर याला लोणी म्हणतात. 'काय लोणी आलंय' याच्यावर तिथे पदवी नाही. मला ते जमायला लागलं आणि मी असा सुटलो की बुलबुल, तांबट, खंड्या, कोकिळा, जो समोर येईल त्याला लोण्यात बसवला. पुढे पुढे तर मी लोणी आधी बघायचो आणि पक्षी नंतर.

यात घरी भांडणं व्हायची. पक्ष्यांना जे ऊन चांगलं, तेच धुण्याला चांगलं. मी खिडकीत आणि ती समोरच्या गॅलरीत, मध्ये उंबर. मी इकडून दबक्या आवाजात ओरडायचो. दबक्या आवाजात ओरडता येतं, लग्नाला चाळीस वर्षं होत आली की जमतं.

"अगं, तो लाल टॉवेल काढ. मागे येतोय."

"टॉवेल कुठे येतोय? तो रोज इथेच असतो," ती समोरून म्हणायची. "तुमचं पाखरू पुढे येतंय."

टॉवेल निघायचा नाही. मग मी स्टूल दोन बोटं सरकवून, मान वाकडी करून, त्या टॉवेलला दुसऱ्या पक्ष्याच्या पाठीमागे लपवायचो. मिक्सर लावायच्या आधी ती विचारायची, तुमच्या पाहुण्यांना चालेल का, चटणी वाटायची आहे. एकदा भारद्वाज अगदी समोर येऊन बसला असताना तिने कुकरची शिट्टी बोटाने दाबून धरली होती, असं मी सगळ्यांना सांगतो. तसं झालेलं नाही. तिने गॅस बंद केला होता. पण माझ्यासाठी केला होता, हे खरं आहे.

मग ती कॅनडाला गेली. मुलगी तिकडे असते, तिचं बाळंतपण होतं. बायको सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, मेतकूट, डिंकाचे लाडू, आळीव आणि सुती दुपट्यांची एक सबंध बॅग घेऊन. तिकडचे सहा महिने कसे मोजतात ते मला अजून उमगलेलं नाही. नातू झाला, नातू बसायला लागला, रांगायला लागला, त्याचा कान दुखायला लागला, मुलीची नोकरी सुरू झाली, जावयाच्या पाळ्या बदलल्या. दरवेळी तिकीट पुढे जायचं. मलाही बोलावत होते. मी म्हणायचो, इकडे बिल्डरच्या मीटिंगा चालू आहेत, सही करायला घरातलं कोणीतरी पाहिजे. हे खरं होतं. आणि उंबर पिकायला आलाय, हेही म्हणायचो. उंबर बाराही महिने पिकायला आलेला असतो, ही त्या झाडाची सोय.

रोज सकाळी मी तिला एक पक्षी पाठवायचो. तिच्याकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची. नुसता फोटो पाठवून भागत नाही, बरोबर गजाल लागते. आज हळद्या तुझ्या लोणच्याच्या बरणीवर बसून कैरीच्या फोडी मोजत होता. खंड्या आला होता, तुझ्या कपड्यांच्या दोरीवर बसला, गॅलरीत कोणी नाही बघून तसाच परत गेला. दयाळ हल्ली गातच नाही, मिक्सरशिवाय त्याला सूर लागत नाही म्हणतो.

तिचं उत्तर म्हणजे एक पिवळा अंगठा. कधीमधी एखादी ओळ. "कैरी गेल्या वर्षीच संपली." "दोरीवर बसला म्हणजे दोरी रिकामी. धुणं कधीपासून केलं नाहीत?"

आमच्या पिढीत बायकोला 'ये' म्हणायची पद्धत नाही. 'उंबर पिकलाय' म्हणायची पद्धत आहे. समोरच्याला कळतं. किंवा कळत नाही, आणि मग आपण आणखी मोठा पक्षी पाठवतो. मी एकदा धनेशाची अख्खी जोडी पाठवली, पिल्लासकट. तिने अंगठा पाठवला.

ठरलं असं होतं की इमारत पाडून नवी बांधायची म्हणून घर दिवाळीनंतर रिकामं करायचं, आणि ती गणपतीला येणार. याबाबतीत ती ठाम होती. घर बंद करायला मी असणार, माझा ओटा मी पुसून निघणार, असं तिने मुलीला, जावयाला, मला आणि फोनवर सोसायटीच्या सेक्रेटरींनाही सांगून ठेवलं होतं. या घरात ती नवी नवरी म्हणून आली होती. ओट्याच्या कडप्प्याला तिने एका जागी पोळपाट ठेवून ठेवून गोल झिजवलेला होता. त्या गोलात दुसरं काही ठेवलेलं तिला चालायचं नाही.

पण बिल्डरच्या परवानग्या लवकर आल्या. कुठल्याही बिल्डरच्या परवानग्या वेळेच्या आधी आल्याचं मुंबईत कोणी ऐकलं आहे का? आमच्याच आल्या. मे संपायच्या आत घरं रिकामी करा म्हणून निरोप फिरला. उंबराचं विचारलं तर बिल्डरचा माणूस म्हणाला, काका, दत्ताचं झाड आहे, तोडणार नाही, उचलून दुसरीकडे लावू. चष्मा आहे का तो, उचलून दुसरीकडे ठेवायला. पण मी सही केली होती. सगळ्यांनी केली होती.

तिला फोन केला. मे महिन्यात येणं शक्यच नव्हतं. त्याच दिवसांत नातवाच्या कानात नळी घालायची होती, छोटंसंच ऑपरेशन, पण मुलगी घाबरली होती. बायकोने सगळं ऐकून घेतलं. रडली-बिडली नाही. म्हणाली, "बरं. मग घर पाठवा."

"घर कसं पाठवू?"

"फोटो पाठवा. एवढी वर्षं खिडकीत बसून दुसरं काय केलंत? समोर माझी गॅलरीच होती की. त्यात असेल सगळं."

मी म्हटलं, हातचा मळ आहे. एक सोडून हजार पाठवतो.

आता माझा स्वभाव झटपट. कामाला लागलो की मी थांबत नाही. निरोप आल्या आल्या सामान बांधणारे बोलावले होते आणि त्यांनी पहिला हात स्वयंपाकघराला घातला होता, कारण माझं जेवण तेव्हा डब्यावर होतं. मांडणी उतरली, बरण्या वर्तमानपत्रात गेल्या, दोऱ्या सुटल्या, तुळस खालच्या वहिनींकडे गेली. तरी मी कॅमेरा घेऊन गॅलरीत उभा राहिलो आणि चारही कोपरे काढले. या वेळी लेन्सचं तोंड बारीक करून, मागचं-पुढचं सगळं लख्ख. ओटा, नळ, जाळी, फरशा. पाठवले.

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "हे ब्रोकरला पाठवायचे ते चुकून मला आले वाटतं."

मी परत बघितलं. खरंच तसे होते. स्वच्छ, रिकामं, हवेशीर, स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर. कोणीही भाड्याने घ्यावं.

मग मी माझी हार्ड डिस्क उघडली. त्यातल्या पक्ष्यांची संख्या सांगत नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही आणि या वेळी ते चूक ठरेल. एकेक फोटो मोठा करून बघत गेलो. हळद्या, लोण्यात. नाचण, लोण्यात. तांबट, त्याची बायको, त्याची पोरं, लोण्यात. पक्ष्याच्या डोळ्यात आमच्या खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब दिसेल इतका नेम अचूक, आणि मागे घर म्हणून काही नाही. हिरवट, करडा, पिवळसर, कुठे लाल ओघळ. इतकी वर्षं मी घराभोवतालचे पक्षी टिपले आणि घर तेवढं शिताफीने बाहेर ठेवलं. फोनमध्येही शोधलं. फोनमध्ये आमचा गणपती होता, मुलीचं लग्न होतं, सोफ्यावर ओळीने बसलेले पाहुणे होते. धुण्याच्या दोरीचा फोटो कोण काढतं?

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "ते एक पाखरू होतं बघा, काळं-पांढरं. त्याच्यामागे तुमचा फाटका बनियन आला होता. त्यात सगळं होतं. तो पाठवा."

मी सांगितलं, तो नाही.

"नाही म्हणजे?"

"काढून टाकला."

ती म्हणाली, चांगला होता हो तो. एवढंच म्हणाली. तिने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. तिच्याकडे टोमण्यांचा साठा कोकणातल्या पावसासारखा आहे, आणि त्या दिवशी एक थेंब पडला नाही.

मी पुन्हा डिस्कपुढे बसलो. आता काही शोधत नव्हतो, नुसता बघत होतो. एका बुलबुलाच्या फोटोत खाली उजवीकडे पिवळा डाग होता. तो फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा कोणीतरी लिहिलं होतं, बहावा फुललाय वाटतं मागे. मीही हो म्हटलं होतं. आमच्या मागे बहावा कधीच नव्हता. मी त्या डागाकडे बघत राहिलो आणि एकदम लक्षात आलं, बहावा कसला, ही आमची बादली.

सकाळ होती. तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन संगणकाच्या पडद्यासमोर धरला. ती नातवाला मांडीवर घेऊन वाल सोलत बसली होती. कॅनडात वाल मिळतात.

"खाली उजवीकडे बघ. तो पिवळा."

"बादली," ती म्हणाली. विचार करायला वेळ घेतलाच नाही.

"आणि वरचा पांढरा?"

"लांबडा तो? तुमचा लेंगा."

"हा तपकिरी?"

"बरणी. नाही, थांबा, दोन आहेत. मोठी लिंबाची, बारकी मिरचीची. ती बारकी वरच्या वहिनींनी नेली होती, परत दिली का?"

मी पुढचा फोटो लावला, मग त्याच्या पुढचा. पक्षी कुठला ते ती विचारतही नव्हती. माझा तो धनेश, ज्याच्यासाठी मी तीन दिवस दाढी न करता स्टुलावर बसलो होतो, त्याला तिने 'जरा बाजूला घ्या हो याला' असं म्हटलं. हिरवा ओघळ म्हणजे तुळस. तिच्या शेजारचा काळपट म्हणजे कोळशाची शेगडी, फेकायची म्हणून ठेवलेली आणि कधीच न फेकलेली. गुलाबी पट्टा म्हणजे ती सोलापुरी चादर, जिचा रंग पहिल्या धुण्यात माझ्या सगळ्या शर्टांना लागला होता. करड्या ढगासारखं होतं ते वाळवणाचं पातेलं. त्यावर टाकलेलं मलमल वाऱ्याने उडतंय, असं तिने सांगितलं, आणि ते खरंच उडताना दिसायला लागलं. मी काही नुसता ऐकून घेणारा नाही. एका जांभळ्या डागाला मी म्हटलं, हा माझ्या आईचा शालू. ती म्हणाली, सासूबाईंचा शालू दोरीवर कधी होता? पायपुसणं आहे ते. नातूही एव्हाना पडद्याकडे बोट करून काहीतरी सांगत होता, आणि त्याचं बहुधा माझ्यापेक्षा बरोबर येत असणार.

मग तो तांबट आला. माझा सगळ्यात गाजलेला फोटो. उंबराच्या आडव्या फांदीवर, गळा फुगवून ठोका देताना, कपाळावरचा लाल टिळा नुकताच लावल्यासारखा ओला. मागे निळसर लोणी, कुठेही गाठ नाही. बनियनवाल्या बुजुर्गांनी या फोटोपुढे हात जोडले होते.

"थांबा," ती म्हणाली. "ते निळं काय आहे?"

"प्लास्टिक असेल. पावसाळ्यात बांधायचो ते."

"झाडावर उंबरं आहेत, ऊन आहे. पावसाळा कुठला?"

"मग निळी बादली असेल."

"अहो, बादलीला हात असतात का?"

मी जवळ जाऊन बघितलं. निळ्यातून दोन फिकट पट्टे वर गेले होते आणि त्यांच्या टोकाला एक तिरपी काळी रेघ होती. काठी. दोन्ही हात उंचावून, काठीने साडी वरच्या दोरीवर चढवत, निळ्या गाऊनमध्ये ती उभी होती. चेहरा असायला हवा तिथे तांबट बसलेला.

ती हसायला लागली. "बरोबर माझ्या तोंडावर बसलाय मेला."

मला हसता आलं नाही. मी मागचे फोटो पुन्हा लावले, भराभर, तिला न विचारता. आता मला दिसत होतं. बुलबुलाच्या मागे ती वाकलेली. खंड्याच्या पंखाखाली तिची पाठ. हळद्याच्या डाव्या बाजूला जो केशरी डाग मी कधी सूर्योदय म्हणून खपवला होता, तो तिचा पदर. जिथे जिथे ऊन चांगलं होतं तिथे ती होती. ती होती म्हणूनच तर मी लेन्सचं तोंड उघडं टाकत होतो.

"मी तेव्हा तुमच्याशी बोलत होते," ती म्हणाली. "या तांबटाच्या वेळी. मला आठवतंय. दूध बघा, उतू जाईल, म्हणून सांगत होते. तुम्ही हात हलवून गप्प केलंत."

"मग दूध?"

"गेलं की उतू."

नातू कंटाळून कुरकुरायला लागला. ती उठणार, फोन बंद करणार, हे मला दिसत होतं. मी सवयीने म्हटलं, "उंबर यंदा काय पिकलाय म्हणून सांगू, नुसता..."

आणि तिथेच अडलो. पुढचा पक्षी सुचेना. आयुष्यात मला असं क्वचित झालं आहे.

"तू ये," मी म्हटलं. "घर राहू दे. तू ये."

तिचे वाल हातात तसेच. "हं," म्हणाली. मग नातू मोठ्याने रडला आणि फोन बंद झाला.

हं म्हणजे काय, यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले. आमच्याकडे हं म्हणजे हो असतं, नाही असतं, आणि ऐकलं असंही असतं.

मे संपायच्या आत आम्ही सगळे निघालो. मी निघायच्या दिवशी ओटा पुसला. त्या झिजलेल्या गोलातून दोनदा फडकं फिरवलं. तिला ते सांगितलं नाही, आणि का कोण जाणे, त्यावर गजालही केली नाही.

आता भाड्याच्या घरात आहे, त्याच उपनगरात, पण टॉवरमध्ये. मजला इतका वर आहे की घारी आमच्या खालून जातात. घारीची पाठ रोज बघणारा मुंबईत मी एकटाच असेन. उंबर इथून दिसत नाही. गॅलरी नाही, खिडकी आहे. दयाळ, तांबट यांना इतक्या वर यायचं म्हणजे लिफ्ट लागेल. कॅमेरा बॅगेत आहे.

नातवाचा कान बरा झाला. मी तिला सकाळचा फोटो पाठवणं बंद केलं होतं, कारण पाठवायला काही नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवशी तिचाच निरोप आला. "आज काही नाही?" मी लिहिलं, इथे पक्षी येत नाहीत. ती म्हणाली, पक्षी कोणी मागितलाय, ओटा दाखवा.

मी फोनने ओट्याचा फोटो काढला. ग्रॅनाइटचा काळा ओटा, दोन शेगड्यांचा गॅस, कालचं पातेलं, चहाचा डबा, तेलाची बाटली, कोपऱ्यात अजून न उघडलेलं एक खोकं. लोणी नाही, काही नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात भिकार फोटो. बुजुर्गांनी बघितला असता तर ग्रुप सोडला असता. पाठवला.

अंगठा आला नाही. फोन वाजला.

"तेलाची बाटली गॅसला चिकटून कशाला ठेवलीय? सरकवा ती. आणि ते खोकं फोडलं नाहीत अजून? त्यात माझा पोळपाट आहे, ओल लागेल. चहाच्या डब्याला झाकण कुठलं लावलंय, ते पोह्यांचं आहे. मी येईपर्यंत काय धर्मशाळा करून ठेवणार आहात?"

मी बाटली सरकवली, खोकं फोडलं, झाकण बदललं. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ ओट्यापाशी उभा राहिलो. मी येईपर्यंत, असं म्हणाली होती. तारीख सांगितली नव्हती, मीही विचारली नाही. पण जिला यायचंच नाही, तिला बाटली गॅसला चिकटली काय आणि समुद्रात बुडाली काय, फरक पडायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो काढायच्या आधी मी ती बाटली पुन्हा गॅसला नेऊन चिकटवली. चहाच्या डब्यावर पोह्यांचं झाकण घातलं. थोडा विचार केला आणि पोळपाट उभा करून नळाखाली ठेवला, अगदी पाणी ठिबकेल असा. एकदा मागे सरून नीट बघितलं, फोटो काढला, पाठवला आणि फोन समोर ठेवून बसलो.